दमलेलं बाळ झोपत का नाही? दिवसाच्या झोपेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी दोन्ही मुलं आता शाळेत जातात, पण धाकटी पहिले ७ महिने दिवसा धड अर्धा तास सलग झोपली नव्हती, आणि तेव्हापासून मी या विषयात जी शिरले ती शिरलेच. ओळखीतल्या, त्यांच्या ओळखीतल्या आया रात्री अडीच वाजता मेसेज करतात, प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून एका जागी लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही, जिथे डॉक्टरांनाच विचारायचं आहे तिथे तसं लिहिलंय. बाळ आत्ता हातात रडत असेल तर बाकी सगळं सोडा आणि सरळ प्रश्न ४ वाचा.

१. बाळ एवढं दमलंय तर आपोआप झोपायला नको का? आमचं तर उलट जास्तच खेळायला लागतं.

आपण दमलो की आडवे होतो, तान्ह्या बाळाचं तसं नसतं. झोपेची वेळ टळून गेली की त्याचं शरीर त्याला कसंबसं जागं ठेवायला लागतं, ताणाची हार्मोन्स वाढतात आणि बाळ एकदम तरतरीत दिसायला लागतं, हसतं, किंचाळतं, हातपाय झाडतं, आणि घरातले सगळे म्हणतात की बघ, ह्याला कुठे झोप आलीय. मग १५-२० मिनिटांनी तेच बाळ असा टाहो फोडतं की कुणाच्याच हातात राहत नाही. म्हणजे ती तरतरी खरी नव्हती, झोप उडाल्याची खूण होती. मला हे कळायला पहिल्या मुलाचं अख्खं वर्ष गेलं, मी त्याला "अजून जरा दमू दे मग झोपेल" म्हणून खेळवत बसायचे आणि रोज तीच रडारड व्हायची. हे एकच लक्षात राहिलं तरी खूप झालं: झोपत नाहीये म्हणून उद्या उशिरा झोपवू नका, उद्या २० मिनिटं आधी घ्या.

२. बाळाला झोप आलीय, ते अति दमलंय की भूक लागलीय, हे ओळखायचं कसं? सगळ्यात रडणंच असतं.

रडणं शेवटी येतं, त्याआधी बाळ बरंच काही सांगत असतं. झोप यायला लागली की नजर कुठेतरी लांब लागते, खेळण्यावरून तोंड फिरवतं, भुवया लालसर दिसतात (गोऱ्या बाळांच्या पटकन दिसतात, सावळ्या बाळांच्या कमी), हालचाल मंदावते. उचलायची वेळ हीच. डोळे चोळणं, कान ओढणं, जांभयांवर जांभया देणं म्हणजे वेळ होत आली, घाई करा. आणि पाठीची कमान करणं, मुठी आवळणं, छातीशी घेतलं तरी ढकलणं, पाजायला घेतलं की दोन घोट पिऊन सोडून रडणं हे झालं की समजायचं गाडी चुकली.

भुकेचं बाळ हात तोंडात घालतं, मान वळवून शोधतं आणि मिळालं की शांत पितं. फक्त कान ओढण्याबरोबर ताप असेल, आडवं केलं की जास्त रडत असेल तर झोप समजून बसू नका, कान दुखत असू शकतो.

३. कुठल्या वयाला किती वेळ जागं ठेवायचं?

अंदाजाने सांगते. पहिल्या महिन्यात पाऊण ते एक तास, त्यात पाजणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं सगळं आलं, म्हणजे खेळायला वेळ उरतच नाही. ३-४ महिन्यांना सव्वा ते दोन तास, ६ महिन्यांच्या आसपास दोन ते अडीच, ८-९ महिन्यांना अडीच ते साडेतीन, वर्षाच्या बाळाला तीन ते चार तास. वेक विंडो म्हणतात ती हीच. हे आकडे आयांच्या आणि झोपेवर काम करणाऱ्यांच्या अनुभवातून आलेत, बाळागणिक बदलतात, त्यामुळे घड्याळ बघायचं ते फक्त आठवण म्हणून आणि निर्णय प्रश्न २ मधल्या खुणा बघून घ्यायचा.

एकूण झोपेचं म्हणाल तर अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये ४ ते १२ महिन्यांच्या बाळांसाठी २४ तासांत १२ ते १६ तास (दिवसाची झोप धरून) आणि १ ते २ वर्षांसाठी ११ ते १४ तास असं सांगितलंय. ४ महिन्यांखाली त्यांनी आकडाच दिलेला नाही, कारण त्या वयात बाळाबाळात फारच फरक असतो. तेव्हा शेजारचं दीड महिन्याचं बाळ किती झोपतं याची चौकशी करून जीव जाळू नका.

४. आता उशीर झालाच आहे, बाळ किंचाळतंय. या क्षणी काय करू?

टीव्ही बंद, मोठा लाइट बंद, खोलीत तुम्ही दोघंच. पाहुणे, आजी, मावशी सगळ्यांना बाहेर. हात बदलू नका, चार माणसं आळीपाळीने घेतात त्याने बाळ अजून बावरतं. अंगावरचे जास्तीचे कपडे काढा, आपल्याकडे उकाड्यातही टोपडं घालून ठेवतात. मग छातीशी घट्ट धरून एकाच चालीने हळू हलवा, "शूऽऽ" किंवा अंगाई काहीही चालेल पण एकच गोष्ट, सारखी, निदान १०-१५ मिनिटं. आपण दर मिनिटाला नवीन उपाय करतो, खुळखुळा, मग खिडकी, मग मोबाइल, आणि त्यातच ते जास्त जागं होतं.

घ्यायला तयार असेल तर पाजा. झोपेसाठी पाजल्याने सवय लागेल वगैरे विचार आत्ता करायचा नाही, आत्ता फक्त झोप लागू दे. काहीच नाही जमलं तर बाल्कनीत किंवा जिन्यापर्यंत घेऊन जा, मोकळ्या हवेने कित्येक बाळं एकदम गप्प होतात. आणि नंतर जी झोप लागेल ती छोटी असेल, दचकत असेल, हे धरून चाला. पुढची झोप मात्र नेहमीपेक्षा अर्धा तास लवकर घ्या, नाहीतर हेच संध्याकाळपर्यंत चालू राहतं.

५. सासूबाई म्हणतात दिवसा कमी झोपव म्हणजे रात्री झोपेल. खरंय का?

एक वर्षाच्या आतल्या बाळाला बहुतेक वेळा नाही. दिवसभर न झोपलेलं बाळ रात्री जास्त वेळा उठतं आणि पहाटे पाचलाच टक्क जागं होतं. पण सासूबाईंच्या म्हणण्यात एक खरी गोष्ट आहे: संध्याकाळी ६ नंतर दोन तास ताणून झोपलं तर रात्रीचं खोबरं होणारच. म्हणून दिवसाची झोप सकाळ-दुपारकडे सरकवा, संध्याकाळची फक्त अर्ध्या तासाची डुलकी ठेवा. पहिले ६-८ आठवडे बाळाला दिवस-रात्र कळतच नाही, तेव्हा ह्यातलं काही लागू नाही, दिवसा उजेडात आणि घरातल्या नेहमीच्या आवाजात, रात्री अंधारात आणि न बोलता पाजायचं एवढंच.

६. बरोब्बर ३०-४० मिनिटांत उठतं, घड्याळ लावल्यासारखं. का?

बाळाचं झोपेचं एक चक्र साधारण पाऊण तासाचं असतं, ते संपताना झोप कच्ची होते आणि पुढच्या चक्रात जायला त्याला अजून जमत नसतं. ५-६ महिन्यांपर्यंत हे अगदी नेहमीचं आहे, दोष कुणाचाच नाही. उठल्यावर हसत असेल तर झोप पुरली, पुढे चला. रडत, डोळे चोळत उठलं तर झोप अपुरी. अशा वेळी दिवसातली एकच झोप निवडा (माझी आंघोळीनंतरची होती), पंचविसाव्या मिनिटाला शेजारी जाऊन बसा आणि चुळबुळ सुरू झाली की डोळे उघडायच्या आत थोपटायला लागा. तीन-चार दिवसांत एखाद्या वेळी जमतं, मग जास्त वेळा. सगळ्याच झोपांच्या मागे लागू नका, तुम्हालाही जेवायचंय.

उलट बाजूही असते. बाळ ताजंतवानं असताना जबरदस्तीने झोपवलं तरी ते अर्ध्या तासात उठतं. १५ मिनिटं थोपटूनही झोपेचं नाव नसेल आणि बाळ मजेत असेल तर उठवा, २० मिनिटांनी परत बघा.

७. मालिशवाल्या मावशी येऊन गेल्या की रडरड रडतं आणि मग झोपतच नाही. बाकीच्यांची बाळं तर आंघोळीनंतर ३-३ तास झोपतात!

मावशी किती वाजता येतात? दहापैकी आठ घरांत उत्तर तिथेच असतं. मावशींची चार घरं असतात, तुमच्याकडे साडेअकराला पोचतात, बाळ दहापासून जागं असतं, आधीच पेंगुळलेलं, आणि त्यावर पाऊण तास चोळणं, उलटंपालटं करणं, गरम पाणी, धुरी. ते झोपायच्या पलीकडे जातं.

मावशींशी बोलून वेळ बदलून मागा, नाहीच जमलं तर त्या यायच्या आधी छोटी झोप होऊ दे. बाळ उठलं, प्यायलं, अर्धा तास गेला, मग मालिश, असा क्रम बसला की आंघोळीनंतरची झोप दिवसातली सगळ्यात गाढ होते. मालिश हलक्या हाताने आणि १०-१५ मिनिटं पुरे. नाकात-कानात तेल घालू देऊ नका, नाकातलं तेल फुप्फुसात जाऊ शकतं, आणि वेखंडाची का असेना, धुरीचा धूर त्या एवढ्याशा छातीला नकोच. हे मावशींना सांगताना मलाही जड गेलं होतं, त्या माझ्या आईच्या वयाच्या होत्या, पण मी बाळाच्या डॉक्टरांचं नाव पुढे केलं आणि त्यांनी ऐकलं.

८. झोळीत टाकलं की लगेच झोपतं. झोळी चांगली की वाईट?

झोळीत आपण सगळे वाढलो, तिच्यात बाळ पटकन झोपतं कारण ती पोटातल्यासारखी आवळून धरते आणि झुलते. पण तिच्यात पाठ गोल होते, लहान बाळाची हनुवटी छातीवर टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होऊ शकते. त्यात ते वळून कापडात तोंड गेलं तर ३-४ महिन्यांचं बाळ स्वतःला सोडवू शकत नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: झोळीत एकटं ठेवून स्वयंपाकघरात जायचं नाही आणि रात्रभर तर अजिबात नाही. डोळा लागेपर्यंत झुलवायचं तर तिथेच बसा, हनुवटीवर लक्ष ठेवा, आणि झोप लागली की सपाट, कडक गादीवर पाठीवर ठेवा.

सपाट तळाचा पाळणा चालतो, तोही हळू झुलवा. आत उशी, लोड, मऊ खेळणी काही नको, आणि डोकं गोल व्हावं म्हणून देतात ती मोहरीची उशीसुद्धा नको. दुपट्यात गुंडाळत असाल तर बाळ कुशीवर वळायला लागल्याची पहिली चिन्हं दिसली की गुंडाळणं बंद.

९. मांडीवर गाढ झोपतं, खाली ठेवलं की टक्क जागं!

झोप लागल्या लागल्या ठेवू नका. तान्ही बाळं आधी हलक्या झोपेत जातात, पापण्या थरथरतात, ओठ हलतात. १५-२० मिनिटं थांबा, हात उचलून सोडला तर गपकन पडला पाहिजे, मग ठेवा. आधी पाय, मग कंबर, मग डोकं, आणि ठेवल्यावर हात छातीवर दोन मिनिटं तसाच राहू दे. गादी थंडगार असेल तर आधी स्वतः तिच्यावर झोपून ऊब द्या.

तरी नाही जमलं आणि बाळ खूप दमलेलं असेल तर त्या दिवशी मांडीवरच झोपू दे, झोप झाली हे महत्त्वाचं. फक्त तुम्हालाच डुलकी येत असेल तर सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाला घेऊन बसू नका, तिथे बाळ फटीत अडकण्याचा धोका सगळ्यात जास्त.

१०. झोपेसाठी जायफळ उगाळून देऊ का? गुटी? की सर्दीचं सिरप थोडंसं?

तिन्हीला नाही. जायफळाने गुंगी येते ती त्यातल्या द्रव्यांमुळे, आणि तान्ह्या बाळाला किती वेढे म्हणजे जास्त हे कुणीच सांगू शकत नाही. पहिले ६ महिने आईचं दूध सोडून काही नको असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, त्यात गुटीही आली, आणि मधातून चाटवत असाल तर वर्षाच्या आत मध अजिबात नाही, त्याने बोटुलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते. सर्दीच्या सिरपचं तर आपल्याकडे औषध नियंत्रकांनीच २०२३ च्या डिसेंबरात सांगितलंय की क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिनचं मिश्रण ४ वर्षांखालच्या मुलांना देऊ नये.

मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बायका पूर्वी बाळांना अफू घातलेली बाळगोळी देऊन कामावर जायच्या. त्यांना दुसरा इलाज नव्हता, घरी बाळ बघायला कुणी नव्हतं. मला हे वाचलं तेव्हापासून "काहीतरी दे आणि झोपव" म्हणणाऱ्या आईचा राग येत नाही, तिला मदत हवी असते एवढंच कळतं. मदतीचं प्रश्न १६ मध्ये लिहिलंय.

११. रोज दिवेलागणीला रडतं. दृष्ट असेल का?

दिवसभराचा थकवा संध्याकाळी बाहेर पडतो, त्यात पाहुणे, घरी आलेले बाबा, लाइट्स, टीव्ही. दुसऱ्या आठवड्यापासून रडणं वाढत जातं, दीड महिन्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं आणि ३-४ महिन्यांपर्यंत बहुतेकांचं निवळतं. आजींना मीठ-मोहरीने दृष्ट काढायची असेल तर काढू दे, त्यांचा जीव असतो त्यात, फक्त मिरच्यांचा धूर आणि विस्तव बाळापासून लांब. पण त्याचबरोबर चार-साडेचारच्या आसपास एक झोप व्हायलाच हवी, कडेवर, बाबागाडीत, कशीही. आमच्याकडे ही एक झोप सांभाळली आणि संध्याकाळचं रडणं अर्ध्यावर आलं.

१२. झोपताना घर चिडीचूप ठेवायचं का? आमच्याकडे कुकर, बेल, भंगारवाला सगळं आहे.

चिडीचूप नको. पंख्याचा सारखा आवाज पुरतो, त्यात शिट्टी दबते. आवाजाचं मशीन किंवा मोबाइल लावत असाल तर निदान ६-७ फूट लांब आणि हळू. बेलचं बटण दुपारी बंद. साधारण ३ महिन्यांनंतर बाळाला आजूबाजूचं सगळं बघायचं असतं, तेव्हा पडदे ओढून खोली अंधारी केली की फरक पडतो.

१३. ४ महिन्यांपर्यंत छान झोपायचं, अचानक सगळं बिघडलं. आमचं काय चुकलं?

काही नाही. या वयात झोपेची रचनाच बदलते, मोठ्यांसारखे टप्पे येतात आणि दर चक्राला अर्धवट जाग यायला लागते. दात, कुशीवर वळणं, सगळं त्याच सुमाराला. काही आठवडे लागतात. वेक विंडो परत तपासा (प्रश्न ३), बाकी प्रश्न ६.

असाच घोळ पुढे दोनदा होतो, ६ ते ९ महिन्यांत तीनच्या दोन झोपा होताना आणि साधारण १३ ते १८ महिन्यांत दोनाची एक होताना. दोन-चार दिवस झोप नाकारली म्हणून लगेच ती बंद करू नका, दोन आठवडे सलग नाकारली तरच. आणि बदलाच्या दिवसांत रात्री सातलाच झोपवायची तयारी ठेवा.

१४. सहा महिन्यांची रजा संपली, पाळणाघरात अजिबात झोपत नाही, घरी येतं ते रडतच.

२६ आठवड्यांची रजा संपते तेव्हा बाळ नेमकं झोपेच्या अडनिड्या वयात असतं. ताईंना वेळा कागदावर लिहून द्या, "दहा आणि दीड, डोळे लांब लागले की" इतकं सोपं. घरचं न धुतलेलं दुपटं गादीवर अंथरायला द्या (तोंडावर पांघरायला नाही). पहिले दोन-तीन आठवडे झोप कमीच होते, ती रात्री लवकर झोपवून भरून काढा, बाबा येईपर्यंत जागं ठेवू नका. बाबांना सकाळची वेळ द्या. ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ऑफिसला २०१७ च्या दुरुस्तीनंतर पाळणाघराची सोय करणं बंधनकारक आहे, एचआरला विचारा, बऱ्याच जणींना माहीतच नसतं.

१५. अपवाद: बारसं, लग्न, प्रवास, लस, वेळेआधी झालेलं बाळ, जुळी. नियम तेच का?

बारशाला पाळण्यात घालायची वेळ बाळाच्या झोपेनंतर ठेवा, आणि मधेच उचलून आतल्या खोलीत नेताना कुणाची परवानगी मागू नका. लग्नाच्या हॉलमध्ये एक खोली आधीच मागून ठेवा, नाहीतर बाबांनी बाळ बांधून घेऊन बाहेर चालायचं. अमेरिकेहून आलात की पहिले काही दिवस सकाळच्या उन्हात नेणं हा सगळ्यात मोठा उपाय, झोपा छोट्या आणि लवकर.

लस (६, १०, १४ आठवड्यांची) दिली की त्या दिवशी कितीही झोपू दे, फक्त पाजायला उठवा. वेळेआधी जन्मलेल्या बाळाचं वय अपेक्षित तारखेपासून मोजा, दोन महिने आधी झालेलं ५ महिन्यांचं बाळ झोपेच्या बाबतीत ३ महिन्यांचं. जुळ्यांत एक उठलं की दुसऱ्याला अर्ध्या तासात उठवा, नाहीतर तुमचा दिवस संपतच नाही.

घोरणं, झोपेत श्वास अडकल्यासारखं होणं, वजन न वाढणं, एकाएकी सुस्त होणं, उठवूनही न पिणं, ३ महिन्यांखाली ताप (१००.४ फॅरनहाइट किंवा जास्त) हे झोपेचे प्रश्न नाहीत, लगेच डॉक्टर.

१६. मला आता सहन होत नाही. काल मी त्याच्यावर ओरडले, एक क्षण जोरात हलवावंसं वाटलं.

हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा कितीतरी जास्त जणी विचारतात, बहुतेक जणी विचारून लगेच मेसेज डिलीट करतात. असं वाटलं की बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवा, दार ओढून घ्या, १० मिनिटं बाहेर या, पाणी प्या, कुणाला तरी फोन करा. तेवढ्या रडण्याने बाळाला काही होत नाही, जोरात हलवल्याने मेंदूला कायमची इजा होते. दुसरं कुणी घरात असेल तर दिवसातली एक झोप त्यांच्या वाट्याला कायमची देऊन टाका, मग ती नीट होवो न होवो, तुम्ही त्या वेळात खोलीत जायचं नाही. सांगायला लाज वाटत असेल तर हा प्रश्न तसाच नवऱ्याला, आईला पाठवा.

रडू येणं, कशातच मन न लागणं, बाळ झोपलं तरी झोप न येणं दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं तर तुमच्या डॉक्टरांना सांगा. स्वतःला किंवा बाळाला काही करून घ्यावंसं वाटलं तर दोन आठवडे थांबू नका. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ आहे, फुकट, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं.